नेब्रास्का २०२१: तीन विजय, नऊ पराभव, तरी गुणफरक अधिक ६३

कॉर्नफिल्डकर
अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या वाईट मोसमांची चर्चा निघाली की नेब्रास्का विद्यापीठाच्या संघाचं २०२१ हटकून निघतं आणि दोन वाक्यांत गुंडाळलं जातं: "नशीब फुटकं होतं" किंवा "मुख्य कोच स्कॉट फ्रॉस्टला कोचिंग येत नव्हतं". दोन्ही उत्तरं आळशी वाटतात, म्हणून हा धागा.

आधी निकाल. पराभव असे: इलिनॉय २२-३०, ओक्लाहोमा १६-२३, मिशिगन स्टेट २०-२३ (ओव्हरटाइम), मिशिगन २९-३२, मिनेसोटा २३-३०, पर्ड्यू २३-२८, ओहायो स्टेट १७-२६, विस्कॉन्सिन २८-३५, आयोवा २१-२८. विजय तीन: फोर्डम ५२-७, बफेलो २८-३, नॉर्थवेस्टर्न ५६-७.

नऊ पराभवांत मिळून फक्त ५६ गुणांची तूट, एकही पराभव दोन आकडी फरकाचा नाही. अख्ख्या मोसमात केलेले गुण ३३५, दिलेले २७२. म्हणजे ६३ गुणांनी पुढे राहून संघ ३-९. शिवाय ओक्लाहोमा, मिशिगन, ओहायो स्टेट, मिशिगन स्टेट हे सगळे त्या वर्षीचे तगडे संघ. मिशिगन तर पुढे प्लेऑफमध्ये गेला.

माझं म्हणणं असं, की हे सामने शेवटच्या दोन मिनिटांत गेले असं दिसतं खरं, पण बहुतेक ठिकाणी खिंडार आधीच पडलेलं होतं, आणि ते बहुतांशी किकिंगच्या खात्यात, म्हणजे चेंडू पायाने मारायच्या डावांत (यांनाच स्पेशल टीम्स म्हणतात). पटत नसेल तर सामन्यानिशी बोला.

आकडेमोड्या
गुणफरकाचा उल्लेख केलात म्हणून आधी त्यातली हवा काढतो. पायथागोरियन सूत्र (केलेले गुण आणि दिलेले गुण दोन्ही २.३७ या घातांकाला चढवायचे आणि प्रमाण काढायचं) सरळ लावलं तर ३३५ आणि २७२ वरून ६२ टक्के येतात, म्हणजे १२ पैकी साधारण साडेसात विजय. यावरून "सात-पाचचा संघ तीन-नऊ झाला" असं म्हणायचा मोह होतो.

पण अधिक ६३ मधले ११९ गुण तीन विजयांतूनच आलेत. आयपीएलमध्ये एकच सामना दीडशे धावांनी जिंकून नेट रनरेट फुगवावा, तसं हे. ते तीन सामने बाजूला काढा. उरलेल्या नऊत १९९ केले, २५५ दिले. त्याच सूत्राने ३६ टक्के, म्हणजे नऊपैकी तीनच्या आसपास विजय. तीन अधिक तीन, सहा. तेव्हा खरा दर्जा सहा-सहाचा, मोसमानंतरच्या बाउल सामन्याच्या उंबरठ्यावरचा.

आता नशिबाचं. ओहायो स्टेटचा पराभव नऊचा, म्हणजे दोन पझेशन (चेंडू ताब्यात असण्याच्या दोन खेपा) लागली असती. तो सोडला तर आठ पराभव एका पझेशनच्या आत. प्रत्येकात जिंकण्याची शक्यता निम्मी धरली तर आठही हरणं २५६ त एकदा. पण निम्मी का धरायची? ३५ टक्के धरली तर आठही हरण्याची शक्यता साधारण ३ टक्के. दुर्मीळ आहे, दैवी कोप नाही. बहुतेक चर्चा इथे चुकते: नाणेफेक समजून हिशेब करायचा आणि मग चमत्कार सापडला म्हणायचं.

चौथा_डाउन
आकडेमोड्या, ३५ टक्के हा आकडा तुम्ही त्याच नऊ सामन्यांतून काढला आणि त्याच नऊ सामन्यांवर लावला. चक्राकार झालं.

आकडेमोड्या
झालं खरं. पण मोसमाआधीचा कुठलाही माफक अंदाज घ्या, ओक्लाहोमा किंवा ओहायो स्टेटसमोर नेब्रास्काला ५० टक्के कुणी देत नव्हतं. त्यामुळे ५० हा वरचा आकडा, एवढं तरी मान्य करा.

पंटर_पाटील
किकिंगच्या खात्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण ते टीव्हीवर नीट दाखवतच नाहीत.

पहिला पुरावा ओक्लाहोमा, १८ सप्टेंबर, नॉर्मन. नेब्रास्काने टचडाउन केलं (चेंडू समोरच्या टोकाच्या एंड झोनमध्ये नेला), ९-१४ झालं. टचडाउननंतरची एका गुणाची किक, म्हणजे एक्स्ट्रा पॉइंट, अडवला गेला आणि चेंडू उचलून ओक्लाहोमाने थेट दुसऱ्या टोकाला नेला. कॉलेजमध्ये त्याचे बचाव करणाऱ्याला २ गुण. ज्या किकनंतर १०-१४ व्हायचं, तिथे ९-१६ झालं: एका किकवर ३ गुणांचा फेर. त्याच सामन्यात दोन फील्ड गोल (खांबांमधून मारायची ३ गुणांची किक) हुकले, त्यांचे ६. एकूण ९, आणि सामना गेला ७ ने. "दोन्ही गोल बसले असते तर पुढचा खेळ तसाच झाला असता का" हा प्रश्न रास्त आहे, पण हिशेब डोळ्यांआड करता येत नाही.

एक्स्ट्रा पॉइंट अडतो कसा? चेंडू ३ यार्डांच्या रेषेवर, होल्डर (चेंडू टेकवून धरणारा) ७ यार्ड मागे, त्यात एंड झोनचे १०. मिळून २० यार्डांची किक. स्नॅप (चेंडू मागे देणं), होल्ड, किक हे सगळं १.३ सेकंदांच्या आसपास आटपायला हवं. १.४ च्या पुढे गेलात की कडेने येणारा पोचतो. मधून येणारा मात्र वेळेमुळे पोचत नाही, उंचीमुळे पोचतो: किकरने पाय चेंडूखाली नीट घातला नाही तर चेंडू सपाट निघतो आणि लायनीत उभ्या राहिलेल्याच्या वर केलेल्या हाताला लागतो. त्यातच गार्ड एखादं पाऊल मागे ढकलला गेला, की हात आणखी जवळ. गार्डचं काम कुणाला पाडायचं नसतंच. आतला पाय घट्ट रोवायचा, शेजाऱ्याच्या पायाशी पाय भिडवायचा आणि जागा सोडायची नाही. हे करून घ्यायला आठवड्यात वेगळा वेळ आणि वेगळा माणूस लागतो.

किकर कॉनर कल्प आदल्याच मोसमात बिग टेन परिषदेचा सर्वोत्तम किकर ठरलेला होता. २०२१ मध्ये मात्र पहिल्याच सामन्यात, इलिनॉयसमोर, त्याचे दोन एक्स्ट्रा पॉइंट चुकले, आणि पुढे त्याची जागा गेली. किकर बिघडला की लोक "मनाची तयारी" वगैरे बोलतात. मी आधी स्नॅप आणि होल्ड बघतो: चेंडूच्या शिलाईची बाजू गोलकडे वळते का, होल्डर चेंडू ठरल्या कलाने टेकवतो का. लय सर्वांत आधी तिथे तुटते.

नवखी_प्रेक्षक
पाटील, एक बाळबोध प्रश्न. कॉलेजमध्ये जवळची किकही चुकते, ती हॅश मार्कच्या कोनामुळे का?

पंटर_पाटील
बाळबोध अजिबात नाही. हॅश म्हणजे मैदानावरच्या खुणांच्या दोन ओळी, डाव त्यांच्यावरून किंवा त्यांच्या आतूनच सुरू होतो. कॉलेजमध्ये त्या एकमेकांपासून ४० फूट, म्हणजे मध्यापासून २० फूट बाजूला. गोलपोस्टची रुंदी १८ फूट ६ इंच. तेव्हा हॅशवरून मारणारा किकर खांबांच्या बाहेर उभा असतो. २७ यार्डांवरून समोरून मारलं तर खिडकी साधारण १३ अंशांची दिसते, हॅशवरून १२ पेक्षा थोडी जास्त. खिडकी फारशी आकसत नाही, पण निशाणा १४ अंश वळवावा लागतो. धावत येण्याची रेघ तेवढी वळवली नाही आणि फक्त पाय वळवला, की चेंडू ओढला जातो. एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीगमध्ये) हॅश १८ फूट ६ इंचांवर, म्हणजे खांबांच्याच ओळीत, त्यामुळे ही डोकेदुखी जवळपास नाहीच.

हॉकआय_वहिनी
आयोवाकडून हजेरी. तुमच्या दुःखात मीठ चोळायला नाही (थोडं चोळायलाच), पण कॉर्नफिल्डकरांच्या मुद्द्याला सर्वांत मोठा पुरावा आमच्याच सामन्यात आहे.

२६ नोव्हेंबर, लिंकन. नेब्रास्काचा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास फेकणारा) अ‍ॅड्रियन मार्टिनेझ खांद्यामुळे बाहेर, लोगन स्मदर्सची पहिली सुरुवात, आणि तरी नेब्रास्का तिसऱ्या क्वार्टरमध्ये २१-६ ने पुढे. त्यानंतर आयोवाचे गुण क्रमाने बघा: फील्ड गोल, अडवलेल्या पंटवर (चेंडू समोरच्याला लांब देण्यासाठी मारायची किक) टचडाउन, फील्ड गोल, सेफ्टी, टचडाउन. सलग २२. यात चेंडू हातात घेऊन मैदान पार करून केलेलं टचडाउन एकच, शेवटचं. बाकी स्पेशल टीम्स, आणि नेब्रास्काच्या क्वार्टरबॅकने स्वतःच्या एंड झोनमधून चेंडू कुणीही नाही अशा ठिकाणी भिरकावला त्याची सेफ्टी. २१-१९ चं २१-२१ झालं ते त्या सेफ्टीने.

आमचा आक्रमक खेळ त्या वर्षी किती "देखणा" होता ते सर्वश्रुत आहे. अशा संघाला १५ गुणांची पिछाडी भरू देणं हे मेहनतीचं काम आहे हो.

कॉर्नफिल्डकर
वहिनी, मीठ पावलं.

सेफ्टीवरून एक लक्षात आलं. त्या मोसमात चार पराभवांत प्रतिस्पर्ध्याला "२" असा विचित्र गुण मिळाला. इलिनॉय, मिनेसोटा आणि आयोवासमोर सेफ्टी, ओक्लाहोमासमोर परतवलेला एक्स्ट्रा पॉइंट. सेफ्टीत नुसते २ जात नाहीत, फ्री किक मारून चेंडूही द्यावा लागतो. मिनेसोटाला तर आधी चौथ्या डाउनला (शेवटच्या प्रयत्नाला) गोलरेषेपासून एका यार्डावर धावणारा घसरला आणि हातातलं टचडाउन गेलं, मग पुढे सेफ्टी. अंतर ७.

नवखी_प्रेक्षक
इलिनॉयची सेफ्टी कशी झाली? क्लिप बघूनही कळलं नाही. चेंडू तर त्याने फेकला होता.

चौथा_डाउन
फेकला म्हणूनच. पंट गोलरेषेशी येत होता. कॅम टेलर-ब्रिटने तो अगदी रेषेजवळ घेतला, टॅकल होताना एंड झोनमध्ये ओढला गेला आणि सुटण्यासाठी चेंडू फेकला. तो पुढच्या दिशेला गेला. पंट परतवणाऱ्याला पुढे पास देता येत नाही, आणि असा बेकायदा पास स्वतःच्या एंड झोनमधून झाला की शिक्षा म्हणजे सेफ्टी.

चूक फेकण्याच्या आधीची. पंट परतवणाऱ्याला शाळेपासून शिकवतात: टाचा १० यार्डांच्या रेषेवर ठेवा आणि मागे जाऊ नका. डोक्यावरून जाणारा चेंडू सोडून द्या. बहुतेक वेळा तो एंड झोनमध्ये जातो आणि २० यार्डांवर चेंडू मिळतो. गोलरेषेच्या अलीकडे मैदानात थांबला तर फार तर वाईट जागा मिळते, गुण जात नाहीत. टेलर-ब्रिट कॉर्नरबॅक म्हणून उत्तम, पुढच्याच वर्षी एनएफएलच्या दुसऱ्या फेरीत निवडला गेला. म्हणजे अंगात कमतरता नव्हती, नियमाची सवय मोडली.

पण सगळं किकिंगवर ढकलू नका. अ‍ॅड्रियन मार्टिनेझचं नाव अजून कुणी नीट घेतलेलं नाही. हाफटाइमआधी इलिनॉयसमोर फंबल (हातातून चेंडू सुटला), तो ४१ यार्ड पळवून टचडाउन. पर्ड्यूसमोर चार इंटरसेप्शन (समोरच्याने झेललेले पास), त्यातलं एक थेट टचडाउन. मिशिगनसमोर २९-२९, चेंडू आपल्याकडे, दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ, आणि फंबल. जेक मूडीने ३९ यार्डांवरून गोल मारला, खेळ खलास. मोसमाचे १४ टचडाउन पास, १० इंटरसेप्शन.

कॉर्नफिल्डकर
त्याच माणसाचे धावून १३ टचडाउनही आहेत. आणि मिशिगन स्टेटच्या सामन्यापासून तो तुटलेल्या जबड्याने खेळत होता, हे नंतर बाहेर आलं.

मिशिगनवालं फंबल तिसऱ्या डाउनला कमी यार्ड हवे असतानाचं. पहिला धक्का झेलून पुढे रेटत असताना मागून चेंडू उपटला गेला. तिथे शिस्त अशी, की दोन्ही हात चेंडूवर, चेंडूची टोकं झाकलेली, आणि पुढची गती थांबली की खाली बसायचं. हवे तेवढे यार्ड मिळाले नाहीत तरी पंट मारता येतो, बरोबरी टिकते. धावत्या क्वार्टरबॅकवर अख्खा आक्रमक खेळ बेतला, की हा धोका मोसमभर अंगावर घ्यावा लागतो. त्यामुळे दोष मार्टिनेझचा आणि बेत आखणाऱ्याचाही.

पंटर_पाटील
मिशिगन स्टेट राहिलंच, आणि माझ्या मते मोसमातला सर्वांत शिकण्यासारखा डाव तोच. २५ सप्टेंबर, ईस्ट लान्सिंग. नेब्रास्काच्या बचावाने दुसऱ्या हाफमध्ये मिशिगन स्टेटला एकही फर्स्ट डाउन (१० यार्ड पुढे जाऊन मिळणारे नवे प्रयत्न) दिला नव्हता. २०-१३ ने पुढे, चारेक मिनिटं बाकी, आणि पंट. जेडन रीडने तो ६२ यार्ड पळवून टचडाउन केलं. २०-२०.

काय झालं ते सांगतो. पंट मैदानाच्या उजव्या बाजूला मारायचा ठरलेला होता, म्हणून कव्हरेजची सगळी मंडळी उजवीकडे पळाली. चेंडू डावीकडे गेला. रीडसमोर हिरवंगार मोकळं मैदान.

पंट कव्हरेज म्हणजे गल्ल्या असतात. कॉलेजमध्ये एनएफएलसारखं बंधन नाही, स्नॅप होताच सगळे पळू शकतात, म्हणून बहुतेक संघ शील्ड पद्धत वापरतात: पंटरसमोर तिघांची भिंत, पंटर साधारण १४-१५ यार्ड मागे, बाकीचे थेट धावतात. चेंडू उजव्या कडेला जाणार असं ठरलं, की अर्धं मैदान सोडून देता येतं, कारण बाहेरची रेषा जादा खेळाडू म्हणून कामी येते. डाव्या कडेला एखाद-दुसरा माणूस, फक्त आत वळवण्यासाठी. चेंडू चुकीच्या बाजूला पडला की तोच आकडा उलटा होतो, आणि हवेत चेंडू चार सेकंदांपेक्षा कमी राहिला तर दिशा बदलून कुणीच पोचत नाही. म्हणून पंटरला पक्की सूचना हवी: ठरलेल्या बाजूला बसत नसेल तर उंच मारा, १० यार्ड कमी गेला तरी चालेल, किंवा सरळ बाहेर घालवा. ७ गुणांची आघाडी, समोरच्याचा आक्रमक खेळ ठप्प. तिथे ३० यार्डांवर बाहेर गेलेला पंटसुद्धा सोन्यासारखा.

ओव्हरटाइममध्ये २५ यार्डांवरून पहिल्याच संधीत मार्टिनेझचं इंटरसेप्शन, आणि मिशिगन स्टेटचा छोटा गोल. लोकांना ते इंटरसेप्शन लक्षात आहे.

विस्कॉन्सिनला तर सामन्याची पहिली किकच ९१ यार्ड परत आली, टचडाउन. ब्रेलन अ‍ॅलनच्या २२८ यार्डांपुढे ते विसरलं जातं, पण अंतर ७ चंच.

आकडेमोड्या
पाटील, आता मी तुमच्या बाजूला थोडा सरकतो. गुण थेट किकिंगमधून गेले असे सामने इलिनॉय, ओक्लाहोमा, मिशिगन स्टेट, विस्कॉन्सिन, आयोवा. पाच. पर्ड्यू आणि मिशिगन चेंडू गमावल्यामुळे. ओहायो स्टेट सरळ भारी पडला: जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बाचे एका सामन्यात १५ झेल, २४० यार्ड, तिथे रडायला जागा नाही. मिनेसोटा मिश्र.

यातलं किकिंग दुरुस्त होण्याजोगं होतं का, हा खरा प्रश्न.

चौथा_डाउन
होतं, आणि उत्तर कर्मचाऱ्यांच्या यादीत आहे. तेव्हा नियमाने मैदानावर शिकवणारे सहायक फक्त १०. फ्रॉस्टने त्यातली एकही जागा निव्वळ स्पेशल टीम्ससाठी ठेवली नव्हती. बाहेरचे लाइनबॅकर सांभाळणारे माइक डॉसनच ते खातंही बघत. विश्लेषक कितीही हुशार असला तरी सरावात त्याला खेळाडूंना शिकवायची परवानगी नव्हती. गार्डचा पाय कुठे रोवायचा, हे मग दाखवणार कोण?

८ नोव्हेंबरला, ओहायो स्टेटनंतर, अ‍ॅथलेटिक डायरेक्टर ट्रेव अल्बर्ट्सने फ्रॉस्टला ठेवलं, पण पगार ५० लाख डॉलरवरून ४० लाखांवर आणला. काढल्यास द्यायची रक्कम दीड कोटीवरून १ ऑक्टोबर २०२२ नंतर ७५ लाखांवर. त्याच दिवशी आक्रमणाचे चार सहायक घरी: ग्रेग ऑस्टिन, मॅट लुबिक, मारिओ व्हर्डुझ्को, रायन हेल्ड. आता बघा, बुडत होती स्पेशल टीम्सची होडी आणि हाकलले आक्रमणाचे नावाडी. बिल बुश स्पेशल टीम्ससाठी नेमले गेले ते मोसम संपल्यावर.

हॉकआय_वहिनी
आणि बुश आल्यावर काय झालं? डब्लिन, ऑगस्ट २०२२, नॉर्थवेस्टर्न. २८-१७ ने पुढे असताना तिसऱ्या क्वार्टरमध्ये ऑनसाइड किक (चेंडू आपल्यालाच परत मिळावा म्हणून मारायची आखूड किक)! तो फ्रॉस्टचा स्वतःचा निर्णय. चेंडू नॉर्थवेस्टर्नने उचलला, सामना ३१-२८ ने नेला. ११ ने पुढे असताना समोरच्याला मैदानाच्या मध्यावर चेंडू देऊ करायचा, याला माझ्याकडे सोज्वळ शब्द नाही.

कॉर्नफिल्डकर
बाजू मांडायची तर: ऑनसाइड किक समोरच्याला पत्ता नसताना मारली तर यशाची शक्यता चांगलीच वाढते, आणि त्या वेळी नेब्रास्काकडे सामन्याचा ओघ होता. पण जोखीम पिछाडीवर असताना वाढवायची असते. पुढे असताना सामन्यातले चढउतार कमी करायचे, वाढवायचे नाहीत. २०२१ च्या निम्म्या पराभवांत हीच उलटी चाल दिसते.

शिवाय २०२१ मध्ये फर्स्ट डाउन मिळाला की घड्याळ थांबत असे. हा नियम २०२३ मध्ये बदलला, आता फक्त हाफच्या शेवटच्या दोन मिनिटांत थांबतं. त्यामुळे तेव्हा आघाडी राखायला जास्त डाव लागत, आणि जास्त डाव म्हणजे जास्त चुकांना वाव. फ्रॉस्टचा खेळ तसाही झपाट्याचा. घड्याळ खायची चार मिनिटांची पद्धत, म्हणजे ४० सेकंदांचं घड्याळ अगदी शेवटाला आणून स्नॅप, चेंडू मैदानातच, बाहेर पळायचं नाही, हे त्यांच्या हाडात नव्हतं.

नवखी_प्रेक्षक
मग फ्रॉस्टला शेवटी काढलं ते कधी?

चौथा_डाउन
११ सप्टेंबर २०२२. आदल्या दिवशी घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्नकडून ४२-४५, बचावाने ६४२ यार्ड दिले. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर ७५ लाख डॉलर वाचले असते. वीस दिवसही थांबवलं नाही. एकूण १६-३१.

आकडेमोड्या
नशीबवाद्यांसाठी शेवटचा आकडा, मग मी गप्प. नशीब असतं तर कोच बदलल्यावर सरासरीकडे परतायला हवं होतं. नवे कोच मॅट रूल आले, २०२३ मध्ये ५-३ अशी सुरुवात झाली, बाउलला एक विजय पुरत होता. पुढचे चार: मिशिगन स्टेट १७-२०, मेरीलँड १०-१३, विस्कॉन्सिन १७-२४ ओव्हरटाइममध्ये, आयोवा १०-१३. चारही गेले.

पंटर_पाटील
त्यातल्या आयोवाच्या सामन्यात १०-१० असताना शेवटच्या काही सेकंदांत नेब्रास्काचं इंटरसेप्शन झालं आणि आयोवाने ३८ यार्डांवरून गोल मारला. तुम्ही याला नशीबविरोधी पुरावा म्हणता, पण कोच, क्वार्टरबॅक, किकर सगळे बदललेले. मग सामाईक काय उरलं? चार सामन्यांवरून एवढी मोठी इमारत बांधू नका. २०२४ मध्ये ७-६ झाले, पिनस्ट्राइप बाउल बॉस्टन कॉलेजसमोर २०-१५ ने जिंकला.

हॉकआय_वहिनी
२०२४ चा आयोवा सामना सांगायचा राहिला, पाटील. पुन्हा १३-१०, पुन्हा शेवटच्या किकवर, ५३ यार्ड.

पंटर_पाटील
वहिनी, तो मुद्दाम गाळला होता.